कॅसेट ऐकेल तर शपथ

…आणि वर मलाच म्हणते, "श्वास जरा हळू घे, टेबल हलतंय!"

आता मला सांगा, माणसाच्या श्वासानं जेवणाचं टेबल हलतं का? चांगलं दणकट टेबल, ज्याच्यावर आजवर मी मुठी आपटल्या, पाहुण्यांनी कोपरं रोवली, एकदा तर मांजर बाळंत झालं, ते कधी तसूभर हललं नाही, आणि आता माझ्या श्वासानं हलणार? पण नाही! कारण त्या टेबलावर जेवण नव्हतंच ना! त्या टेबलावर होतं काय, तर एक हिरवी पाटी, तिच्यावर झुरळं ओळीनं झोपवल्यासारख्या काळ्या काळ्या चिपा, वायरींचा गुंता, माळ्यावरून काढलेला जुना टीव्ही, आणि एक टेपरेकॉर्डर… झाकण उघडं, आतडी बाहेर! आणि आम्ही जेवतोय कुठे? सोफ्यावर! मांडीवर ताट घेऊन, पातळ काही असलं की देवाचं नाव घेत! मी म्हटलं, "अगं, निदान अर्धं टेबल तरी मोकळं कर." ऐकेल तर शपथ!

तुम्हाला सांगतो, माझी बायको भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी नाकावर मास्क धरून "आकडे उलटे मोजा" म्हणते ना, ती. दिवसभर लोकांना झोपवते आणि घरी येऊन माझी झोप उडवते. आणि मी? माझं चष्म्याचं दुकान. "खालची ओळ वाचा… आता बरं दिसतं, की आधीचं बरं होतं?" या एका वाक्यावर माझं आयुष्य गेलं. घरी मात्र मला कोणी विचारत नाही, आता बरं की आधीचं बरं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आधीचं! टेबल होतं तेव्हाचं!

तर बाईंच्या मनात काय आलं, की कॉम्प्युटर बनवायचा. विकत नाही घ्यायचा हं, बनवायचा! तोही आजचा नव्हे. आम्ही शाळेत असताना निघाले होते ना, टीव्हीला जोडायचे, रबराची बटणं असलेले, तसला! मी म्हटलं, "अगं, तुझ्या पर्समधला फोन असले हजार कॉम्प्युटर चहात बुडवून खाईल." म्हणाली, "खाऊ दे." म्हटलं, "मग कशाला?" म्हणाली, "बघू." आता 'कशाला'चं उत्तर 'बघू' असतं का हो? आमच्याकडे असतं.

या असल्या जुन्या यंत्रांचं वेड असलेली माणसं जगभर आहेत म्हणे, आणि ती आपापली आखणी इंटरनेटवर फुकट टाकून ठेवतात. हिनं कोरी पाटी मागवली, चिपा मागवल्या, आणि बसली झाळायला, सोल्डरिंग हो! आता मी बायकोचं कौतुक तिच्या तोंडावर करत नाही, संसार चालवायचा असतो… पण ती इथे नाही म्हणून सांगतो, काय तो हात! म्हाताऱ्या माणसाच्या सुतासारख्या शिरेत सुई घालणारा हात! थरथर नाही, घाई नाही, वितळलेला थेंब टेकवला, उचलला, की बसलाच मोत्यासारखा. मी मुद्दाम दुकानातलं भिंग आणून बघत बसलो, म्हटलं एखादी तरी चूक सापडेल, जरा बोलता येईल. काही नाही सापडलं. भिंग मात्र गेलं, ते तिनं ठेवून घेतलं.

आणि एका रविवारी सकाळी हिनं टीव्ही लावला, खटका दाबला, आणि पांढऱ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका लुकलुकायला लागला. एवढंच. एक ठिपका! आणि ही बाई, जिनं स्वतःच्या लग्नात डोळ्यातनं टिपूस काढलं नाही, ती त्या ठिपक्याकडे बघून डोळे पुसतेय! मी म्हटलं, "झाला ना? उचलू आता?" म्हणाली, "झाला कुठे? आता तर कॅसेट."

कॅसेट!

तुम्हाला सांगतो, त्या कॉम्प्युटरांना पोट नव्हतं. बंद केला की सगळं विसरला. मग लिहिलेलं ठेवायचं कुठे? तर गाण्याच्या कॅसेटवर, आवाज करून! म्हणजे काय लिहिलंय ते कॉम्प्युटर किंचाळून सांगणार, टेपरेकॉर्डर ते टिपून घेणार, आणि परत हवं असलं की टेपरेकॉर्डर किंचाळणार आणि कॉम्प्युटर ऐकणार. आधी एक लांब शिट्टी, पीऽऽऽ, म्हणजे "सावध हो, सांगतोय"… आणि मग जे काही सुरू होतं ना! खर्रर्र-क्रीऽऽ-ट्रर्रर्र! पत्र्याच्या डब्यात करवत आणि मांजर एकत्र घालून हलवावं तसं! चांगली पाच-पाच मिनिटं! आणि मधे एक अक्षर जरी चुकलं, की पडद्यावर ओळ येते: टेप वाचता आली नाही. मग रीळ मागे, पुन्हा पहिल्यापासून.

आणि बाईंची कॅसेट कुठली, तर एक जुनाट, पिवळी पडलेली, आणि तिच्यावर कुणाच्या तरी मिसरूड फुटतानाच्या अक्षरात लिहिलेलं, "तोफा. हात लावू नये." लावली. शिट्टी आली. किंचाळी आली. आणि शेवटी… टेप वाचता आली नाही. मी म्हटलं, "बघ, हात लावू नये म्हणून आधीच लिहिलं होतं." तिनं माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की मी उठून दुकान उघडायला गेलो. रविवारी!

तिथून सुरू झालं. आधी म्हणे आवाज कमी पडतोय. आवाज वाढवला. टेप वाचता आली नाही. मग म्हणे जास्त झाला. कमी केला. नाही आली. मग त्या आवाजाच्या गोल बटणाभोवती नेलपॉलिशचे ठिपके काढले, नेमका कुठे ठेवला होता ते कळावं म्हणून. लाल ठिपका, गुलाबी ठिपका, मोरपंखी ठिपका… जन्मात कधी नखांना लावलं नाही, टेपरेकॉर्डरला लावलं! आमच्या वरच्या मजल्यावर एक वकीलसाहेब राहतात. ते खाली आले. दारात उभे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मीच दिलेला, आणि कोर्टात उलटतपासणी करावी तसे, "आपल्या घरातून जो आवाज येतो आहे, तो कोणाचा आहे, हे सांगू शकाल?" मी म्हटलं, "तोफांचा." म्हणाले, "तोफा अशा रडतात?" मी आत येऊन म्हटलं, "अगं, हेडफोन तरी लाव." ऐकेल तर शपथ! म्हणे, "लावला तर मला कळणार कसं कुठे बिघडतंय ते?"

मग पट्टा. टेपरेकॉर्डरच्या पोटात एक रबरी पट्टा असतो, तो गोल गोल फिरवतो सगळं. तो वितळून डांबर झालेला! चिमट्यानं ओढला तर चिकटपणा हिच्या बोटांना, बोटांचा माझ्या टॉवेलला, टॉवेलचा माझ्या गालाला… नवा पट्टा बसवला. आता टेप एका चालीनं चालायला लागली. नाही वाचता आली. मग स्पिरिटनं हेड पुसलं. हेड म्हणजे तो बारका धातूचा तुकडा, ज्याच्यावरून फीत घासत जाते आणि जो ऐकतो. कापसाचा बोळा तपकिरी निघाला. मला वाटलं धूळ. ही म्हणाली, "ही धूळ नाही. ही फीतच आहे. जुनी झाली, दर वेळी वाजवली की थोडी झडते."

मी म्हटलं, "मग फोनमध्ये उतरवून घे की एकदाच!" वाटलं, चला, आपण एक शहाणपणाचं बोललो. म्हणाली, "घेतली. पहिल्याच दिवशी घेतली. पण जो कान नीट ऐकत नाही, त्याची नक्कल नीट कशी येईल?" म्हणजे मला जे आत्ता सुचलं ते हिचं पहिल्याच दिवशी करून झालेलं! हे आमचं लग्न!

आणि मग, तुम्हाला सांगतो, माझं डोकं फिरलं. हातात ताट, पायात वायर, मी ओरडलो, "अगं, काय आहे एवढं त्या कॅसेटमध्ये? कशासाठी चाललंय हे?"

या वेळी 'बघू' म्हणाली नाही. झाळणी खाली ठेवली आणि म्हणाली, "दादा आहे."

आता दादा म्हणजे हिचा मोठा भाऊ. तुम्ही त्याला आधी ऐकायला हवं होतं! लिलाव पुकारायचा. जुनं फर्निचर, मोडकी यंत्रं, बंद पडलेली घड्याळं, दर मंगळवारी लिलाव, आणि हा उभा स्टुलावर: "या, या, मंगळवार चुकला तो वर्षभर रडला! कपाट बघा, आरसा बघा, आरशात तुमचा चेहरा बघा, एक वार, दोन वार…" बंद घड्याळाला म्हणायचा, "दिवसातून दोनदा अचूक वेळ, हमी माझी!" आणि लोक घेऊन जायचे हो! आमच्या घरी आला की मला बोलायला मिळायचं नाही, आणि मी काही कमी बोलणारा आहे का?

त्या दादाला गेल्या वर्षी मेंदूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि शब्द गेले. सगळे. कळतं सगळं, डोळ्यांत दिसतं कळतंय ते, पण तोंडातनं एकच शब्द निघायचा. "मंगळवार." चहा घेणार? "मंगळवार." कसं वाटतंय? "मंगळवार." रागात मंगळवार, लाडात मंगळवार. बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या, चित्रांचे पत्ते दाखवायच्या, कप, छत्री, कुत्रा, लहान मुलासारखं, "हे काऽय आहे?" एक दिवस त्यानं डाव्या हातानं सगळी चित्रं जमिनीवर ढकलली आणि तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून मंगळवारही म्हणेना. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मोठी हसरी बाई, फोनवर नुसती "हं… हं" करायला लागली.

"त्या बाई म्हणाल्या," ही मला सांगत होती, "त्याला स्वतःहून करावंसं वाटेल असं काहीतरी शोधा. हा खेळ आम्ही दोघांनी लिहिलाय रे. तो सांगायचा, मी बटणं दाबायचे. दोन तोफा, मधे डोंगर. रोज खेळायचो, रोज तो जिंकायचा, आणि मी रोज परत बसायचे. चित्रं ढकलली त्यानं. तोफ समोर आली तर… नाही ढकलणार कदाचित."

तुम्हाला सांगतो, मी माझं ताट उचललं आणि मुकाट्यानं सोफ्यावर जाऊन बसलो. भात गार झाला होता. खाल्ला.

पुढच्या रविवारी हिला पाटीवरच एक दोष सापडला. एक थेंब वरून मोत्यासारखा आणि आतून पोकळ! माझ्याच भिंगाखाली सापडला, मी तपासून "उत्तम" म्हटलेला! तो परत झाळला. मग हिनं एक चिमुकला प्रोग्राम लिहिला, कोऱ्या कॅसेटवर साठवला, खटका बंद करून सगळं विसरायला लावलं, आणि परत वाजवला. शिट्टी, किंचाळी… आणि पडद्यावर ओळीनं उमटलं, "थांब जरा. थांब जरा. थांब जरा." हिचं माझ्याशी बोलायचं आवडतं वाक्य! पण आलं! कॉम्प्युटरनं ऐकलं! मी टाळ्या वाजवल्या, वरून वकीलसाहेबांनी काठी आपटली, मी तीही टाळीच समजलो. "आता लाव तोफा!" म्हटलं. लावल्या.

टेप वाचता आली नाही.

म्हणजे कॉम्प्युटर धडधाकट, टेपरेकॉर्डर धडधाकट, आपली कॅसेट ऐकतो, आणि तीच एक जुनी कॅसेट… ऐकेल तर शपथ! दुसरी कोणी असती तर सगळं खिडकीबाहेर टाकलं असतं. मी तर खिडकी उघडूनसुद्धा ठेवली होती. ही मात्र डोळे मिटून बसून राहिली. मग म्हणाली, "आवाज मंद आहे."

म्हटलं, "वाढव मग."

"मोठा-लहान नाही रे. मंद. टोकं बोथट झालीत. आपल्या कॅसेटची किंचाळी धारदार आहे, हिची घोंगडीतून आल्यासारखी."

मला तर दोन्ही सारखीच नरकातनं आल्यासारखी वाटत होती. पण हिचा कान! ऑपरेशनच्या वेळी नाडीचं यंत्र पिंग पिंग करत असतं ना, रक्तातला प्राणवायू जरा उतरला की त्या पिंगचा स्वर उतरतो. सर्जन गप्पा मारत असतो, नर्स कात्र्या देत असते, आणि अर्धा स्वर घसरला की हिची मान वळते. किती माणसं या कानावर घरी परत गेलीत, त्यांना स्वतःला ठाऊक नाही. झोपली होती ना ती!

म्हणाली, "ज्या टेपरेकॉर्डरवर हे भरलं, त्याचं हेड किंचित तिरकं असणार. त्यानं तिरकं लिहिलंय. आपला सरळ वाचतोय. म्हणून टोकं जातात."

"अगं!" मी सोफ्यावरून उडालोच. "अॅक्सिस चुकलाय म्हण की!"

कारण तुम्हाला सांगतो, आमच्याकडे हेच असतं! तिरका नंबर असलेल्या माणसाचा चष्मा, काच बरोबर, नंबर बरोबर, पण काच फ्रेममध्ये जराशी फिरवून बसली, की सगळं धुरकट! माणूस म्हणतो नंबर चुकला, नंबर नाही चुकला बाबा, काच फिरव! ही माझ्याकडे बघतच राहिली. त्या पहिल्या ठिपक्याकडे बघितलं होतं ना, तशी! इतक्या वर्षांत एकदा! मी पोट आत घेतलं.

हेडच्या बाजूला एक इवलासा स्क्रू असतो, तो फिरवला की हेड कलतं. हिच्या पेटीतलं एकही हत्यार त्यात जाईना. माझा चष्म्याच्या दांडीचा पिटुकला स्क्रू ड्रायव्हर गेला. अलगद! मी म्हटलं, "लाव तोफा, फिरवतो." तर माझा हात धरला. "तिच्यावर नको. शोधाशोध करताना दहा वेळा वाजवावी लागेल, आणि तेवढी ती उरली नाही. त्याच जुन्या टेपरेकॉर्डरवर भरलेली दुसरी कॅसेट हवी. तिच्यावर हेड जुळवायचं, आणि मग तोफा लावायच्या. एकदाच."

तो जुना टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेलेला. हिनं वहिनीला फोन केला. वहिनीनं कपाटं उपसली, आणि रविवारी सकाळी दादाला घेऊन आली, पर्समध्ये एक कॅसेट. "भाऊजी, ह्यांच्या कप्प्यात तळाशी होती. काय आहे हिच्यावर, देव जाणे." दादाला टेबलाशी खुर्चीत बसवलं. त्यानं टेबलावरच्या पसाऱ्याकडे बघितलं, आणि मान खिडकीकडे वळवली.

ही म्हणाली, "चल." बटण दाबलं.

आधी नुसतं घोंगडीतलं पुटपुटणं. मग त्यातनं एक आवाज. पोरगेला, घाईघाईचा, तोंडात मावत नाही एवढे शब्द असलेला. वहिनीनं तोंडावर हात धरला. दादा होता तो! कॉलेजातला दादा! तेव्हाच लिलाव पुकारत होता! आणि विकत काय होता, तर हिला! "या, या! हुंदर, हुबक, हालह…" हेड तिरकं ना, 'स' जातच नव्हता, सगळा 'ह'! "…यातलं एकही नहलेली माझी बहीण! नाकावर राग, डोक्यात गणित, कोण घेतो?"

ज्या माणसाचे शब्द गेलेत, त्याच्यासमोर त्याचेच शब्द? मी हिला डोळ्यांनी खुणावलं, बंद कर, बंद कर. ऐकेल तर शपथ! ती टेपकडे बघतच नव्हती. ती दादाकडे बघत होती.

आणि दादाची मान खिडकीकडून वळली होती.

"फिरव," ही म्हणाली. मी फिरवला, केसाएवढा, आणि ही रीळ मागे नेऊन तेच परत लावत होती. आणि सवयीनं, केवळ सवयीनं हो, माझ्या तोंडून गेलं, "आता बरं, की आधीचं बरं?" ते मी दादाला विचारलं होतं. दुकानातल्यासारखं! मी जीभ चावली. पण दादानं मान हलवली. नाही. आधीचं बरं. मी उलटा फिरवला. "आता?" मान हलली, हो. आणखी जरा. "हुंदर"चं "शुंदर" झालं. "आता?" हो. दादा पुढे सरकला, डाव्या हाताचं बोट वर, वाद्य लावणाऱ्या उस्तादासारखं! "शुबक… सुबक…" हिनं डोळे मिटूनच हात वर केला, "बस. आलं."

दादानं मान हलवली. नाही.

आता दोघांत पेच! हिचा कान म्हणजे अर्धा स्वर घसरला की कळणारा! मी म्हटलं, झालं, आता ही कसली ऐकते. पण तुम्हाला सांगतो… ऐकलं! बाईनं ऐकलं! म्हणाली, "त्याचा आवाज आहे. त्याला माहीत. फिरव." मी एवढा, एवढासाच फिरवला, आणि टेपमधला तो पोरगा लख्ख बोलला, समोर उभा राहून बोलावं तसा, "सुंदर, सुबक, सालस! एक वार… दोन वार… अरे, कोणीच नाही का?"

"घेतली!" मी म्हटलं. मला राहवलंच नाही हो!

दादा हसला. वर्षभरात पहिल्यांदा. अर्धाच चेहरा हसत होता, पण तो अर्धा पुरेसा होता.

मग तोफा. एकदाच. कॅसेट घालायच्या आधी हिनं दोनदा हात पुसले, तेही माझ्याच टॉवेलला, आणि मी बघितलं नाही असं दाखवलं. शिट्टी. किंचाळी. या वेळी मलाही कळलं हो, धार होती! वकीलसाहेब तणतणत खाली आले, "हा प्रकार आता—" मी त्यांच्या खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बसले. पाच माणसं एका किंचाळणाऱ्या डब्याभोवती, कोणाची पापणी लवेना. मी तर श्वाससुद्धा हळू घेत होतो! किंचाळी चालली, चालली, थांबली… आणि पडद्यावर डोंगर उभा राहिला. अलीकडे एक तोफ, पलीकडे एक तोफ. खाली अक्षरं: पहिला खेळाडू, कोन सांग.

कोणी काही बोलायच्या आत दादाचा डावा हात पुढे आला आणि त्यानं बटणं दाबली. टक, टक. गोळा उडाला, डोंगरावरून गेला, आणि हिची तोफ ठार! बाई परत बसली. परत हरली. परत. दर वेळी पडद्यावर एक बाण यायचा, वारा कुठून वाहतोय ते दाखवणारा, आणि हिचा गोळा अर्ध्यातनं उलटा फिरून हिच्याच डोंगरात! म्हणाली, "असंच व्हायचं तेव्हाही. मला नेमच धरता येत नाही." मग तिच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, खेळ थांबवला, आणि आतला प्रोग्राम पडद्यावर काढून ओळ न् ओळ वाचायला लागली. आणि एका ओळीवर थांबली. नाक पडद्याला टेकवून वाचलं. मग हळूच वळली.

"वारा," म्हणाली. "दुसऱ्याची पाळी असली, की वारा कायम उलटा! पहिल्याला वाराच नाही! दादा! लबाडा! मला नेम धरता येत नाही म्हणून मी जन्मात कधी कोणाकडे साधा चेंडू फेकला नाही! आणि तू… तू…"

आजारी माणसाला कोणी असं ओरडतं का? वकीलसाहेब उठून उभे राहिले, वहिनी घाबरली. आणि दादा? दादा हसत होता! खांदे हलत होते, डोळ्यांतनं पाणी! डावं बोट त्या बाणाकडे केलं आणि मोठ्या विजयानं म्हणाला, "मंगळ… वार…" थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. तोंडात कुठलासा खडा अडकावा तसा तो 'वार' घोळवत राहिला. "वार… वाऽ… रा." आणि मग लख्ख, "वारा!"

वहिनी पुढे झाली, त्याच्यासमोर बसली, म्हणाली, "परत म्हणा." म्हणाला. "वारा!" पडद्याकडे बोट, वारा. खिडकीच्या हलणाऱ्या पडद्याकडे, वारा. पंख्याकडे, वारा! त्या बोलणं शिकवणाऱ्या बाई नंतर म्हणाल्या, एका शब्दानं फार हुरळून जाऊ नका. बरोबर आहे त्यांचं. आम्ही हुरळलो. हिला विचारलं, "बाकीचे शब्द येतील का गं?" डोळे पुसत म्हणाली, "बघू." आणि तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत 'बघू' हे मला पहिल्यांदा उत्तर वाटलं. आता तो "डोंगर" म्हणतो, "परत" म्हणतो, आणि परवा वहिनीला तिच्या नावानं हाक मारली, तेव्हा तर ती हातातला कप घेऊन तशीच उभी राहिली.

टेबल? टेबल गेलं. त्याचं नाव काढू नका.

हिनं ती लबाड ओळ दुरुस्त केली. आता वारा कोणालाच नाही, दोघांना सारखं मैदान. दर रविवारी दादा येतो, पण हिच्याबरोबर खेळत नाही, लबाडी पकडली ना तिनं! मला बसवतो समोर. आणि मी हरतो. एकदा नाही, दोनदा नाही, दर रविवारी, प्रत्येक डाव! आणि वहिनी चहा देताना हळूच म्हणते, "भाऊजी, कळतं हो आम्हाला. ह्यांच्यासाठी मुद्दाम हरता तुम्ही. एवढं मोठं मन कुणाचं असतं?" वकीलसाहेब मान डोलावतात. "देवमाणूस," म्हणतात.

मुद्दाम? अहो, तो एका हातानं खेळतो, तोही डाव्या! मी दोन्ही हातांनी, कागदावर कोन मांडून, जीव तोडून खेळतो, आणि माझा गोळा माझ्याच डोक्यावर पडतो! वाऱ्यावर ढकलावं तर वाराही नाही! पण आता सांगणार कुणाला? देवमाणूस तर देवमाणूस!